डाव्या बाजूने चाला

२८ नोव्हेंबर १९८३, सोमवार

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझं सगळं बदललं. वेळ पक्की आहे. साडेदहाच्या घंटेआधी पुष्पाबाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात, पोरांना आत घेतात, आणि तेवढी दहा मिनिटं मी आमच्या ओसरीवर असतो. नागपूरचं कॉलेज अर्ध्यावर सोडून मोहाडीला परत आल्यापासून एवढा एकच नेम मी पाळला आहे.

भंडाऱ्याकडून खाणीवर परत जाणारा रिकामा ट्रक. ब्रेकचा आवाज. वळून पाहतो तर गावाबाहेरच्या टोलीवरची शेवंता, पाचवीतली, आमच्या घरासमोरच डांबरावर पडलेली. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता. मी धावलो. आधी ड्रायव्हरला खाली ओढलं आणि दोन ठेवून दिल्या. नंतर लक्षात आलं की आधी पोरीला उचलायला पाहिजे होतं. ते पुष्पाबाईंनी केलं. त्यांच्या पातळाला रक्त लागलं.

ड्रायव्हरचं नाव भैय्यालाल. चाळिशीचा, बारीक. एकच म्हणत होता, "वाकली होती जी ते. दिसलीच नाही मले." वाकली होती म्हणे. रस्त्यात कोण कायले वाकते?

ठाण्यावरून आलेल्या जमादारांनी विचारलं, कोणी पाहिलं? मी म्हणालो, मी. गाडी भरधाव होती, डाव्या बाजूने जाणाऱ्या पोरीच्या अंगावर आली. त्यांनी लिहिलं, मी सही केली. खरं म्हणजे मी आवाज झाल्यावर वळलो. पण भरधाव नसती तर एवढा आवाज झाला असता का? टायरचे काळे पट्टे उजवीकडे गेलेले दिसतात. ते नंतर ओढले गेले असतील.

दीड-दोनशे माणूस जमलं होतं. तरी रस्त्यावर वाळत घातलेलं आमचं धान जसंच्या तसं. एवढ्या घाईत एकाचाही पाय त्यावर पडला नाही. संध्याकाळी मायने ते गोळा करायला लावलं, मी कडेचे गोटे एका जागी रचले.

३० नोव्हेंबर, बुधवार

शेवंताला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं आहे. पाय वाचेल म्हणतात, पण ती सरळ चालेल की नाही ते सांगत नाहीत. तिची आई पार्वताबाई गिरणीत धान पाखडते. बाप नाही.

आज ठरवलं. या रस्त्यावर दुसरी पोर पडू द्यायची नाही. टोलीवरून रोज साठ-सत्तर पोट्टे याच रस्त्याने शाळेत येतात. बांधकाम खात्याकडून शाळेपुढे ब्रेकर करून घेईन आणि तोवर स्वतः उभा राहीन. पहिल्यांदाच वाटलं की कॉलेज सोडलं ते बरं झालं. (वॉर्डनच्या अंगावर ताट फेकलं नसतं तर आत्ता प्रॅक्टिकल करत बसलो असतो.)

हे पुष्पाबाईंना सांगायला गेलो. त्या पवनीच्या. जुलैपासून इथे आहेत, वय बावीस. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फार चांगलं करून राहिले इश्वरभाऊ."

भाऊ. गावात कोणालाही भाऊ म्हणतात, हे मला कळतं. तरी दिवसभर तोच शब्द कानात होता.

त्यांच्या शेजारी सेवकराम गुरुजी होतेच. कवायतीचे मास्तर, गळ्यात शिट्टी. त्यांनी विचारलं, "इश्वर, तू गाडी येतानी पाह्यली होती का गा, का पोरगी पडल्यावर?" मी म्हणालो, साक्ष दिली आहे ना. मग हा प्रश्न कशाला? ज्याच्या मनात खोट नाही तो असं विचारत नाही.

२ डिसेंबर, शुक्रवार

मायच्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा बांबूला बांधला. दहा ते पावणेअकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच, फाटकासमोर उभा राहिलो. सकाळी एकोणीस गाड्या गेल्या, त्यातल्या अकरा खाणीच्या. सगळ्यांचे नंबर लिहून घेतले. एकजण शिवी देऊन गेला. त्याच्या नंबराखाली दोन रेघा मारल्या.

एका फळीवर रंगाने लिहून पाटीही लावली: "मुलांनो, डाव्या बाजूने चाला." अक्षर माझं चांगलं आहे. ती आमच्याच कुंपणाला ठोकली, कारण टोलीकडून येताना डाव्या हाताला पहिलं आमचंच घर.

ब्रेकरसाठी लिहिलेल्या अर्जावर पहिली सही बाबूजींनी केली. मला वाटलं नव्हतं. कॉलेजच्या प्रकरणापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. आज स्वतः चष्मा मागितला आणि मोठी सही केली, "श्यामराव", खाली रेघ. म्हणाले, "ब्रेकर झालाच पायजे. गाड्या हळू जातील, पोट्टे वाचतील. धानावर चाक यायचीबी भीती नाही."

आमच्या घरात चांगल्या कामाला सुरुवात झाली, असं वाटलं.

५ डिसेंबर, सोमवार

भंडाऱ्याला जाऊन आलो. सकाळच्या एस.टी.त रजा टाकून निघालेल्या पुष्पाबाई होत्या आणि त्यांच्या पुढच्या सीटवर सेवकराम गुरुजी, तेही रजेवर. योगायोग म्हणे. मी मागे उभा होतो. वाटेतल्या वरठीपर्यंत दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. हेच खटकतं. ज्यांच्यात काही नसतं ते बोलतात.

पुष्पाबाईही दवाखान्यातच आल्या. शेवंताच्या पायाला प्लास्टर, वर दोरीने टांगलेला. मला पाहून हसली. मी म्हणालो, "शेवंता, गाडी कशी आली ते सांग."

ती म्हणाली, "मले नाही माहीत. मी पाया पडत होती."

"कोणाच्या?"

ती पार्वताबाईकडे पाहू लागली. पार्वताबाई खाली मान घालून म्हणाली, "जाऊ द्या ना जी. पोरगी हाय. कायबी बोलते."

मी पुन्हा विचारलं. शेवंता म्हणाली, "सुमीनं मले ढकललं, मंग पाय लागला. मंग मी पाया पडत होती."

पुष्पाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "बस करा आता."

परत येताना सगळं जुळवून पाहिलं. ड्रायव्हर म्हणतो वाकली होती, पोरगी म्हणते पाया पडत होती. दोघांचं एक कसं येतं? म्हणजे कोणीतरी पोरीला पढवलं आहे. खाणीच्या ठेकेदाराचा माणूस येऊन गेला असणार. पार्वताबाई माझ्याकडे बघत का नव्हती? आणि मला बस करा म्हणण्याचं बाईंना काय कारण?

६ डिसेंबर, मंगळवार

महापरिनिर्वाण दिन. पुष्पाबाई पवनीला गेल्या आहेत. सेवकराम गुरुजी शाळेत होते. दोनदा खात्री केली.

८ डिसेंबर, गुरुवार

भैय्यालाल जामिनावर सुटला आहे. ठेकेदाराने गाडीवरून काढलं. आज चहाच्या टपरीवर बसला होता, मला पाहून उठला. मी मुठी आवळल्या.

म्हणाला, "बसा ना भाऊ. चहा घ्या."

"तुझा चहा नाही पाहिजे."

"नका घेऊ. एक विचारतो. तुम्ही त्या वक्ताले कुठं उभे होते?"

"ओसरीवर."

"मंग तुमाले दिसली असन. पोट्टे पार मधातून चालून राहिले होते. मी हॉर्न देल्ला, थे कडेले झाले. हे एक पोट्टी मांगं फिरली आन् खाली वाकली. मी उजवीकडं कापली गाडी. तुमी पाह्यलंच असन."

मी म्हणालो, "साक्षीदाराला धमकावतोस काय?"

त्याने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मले दोन पोरी हायेत जी," आणि दोन्ही कपांचे पैसे देऊन गेला. माझ्यासाठी मागवलेला कप तसाच होता.

हे सगळं मी लिहून ठेवतो आहे, कारण पुढे कोर्टात विचारतील. धमकीच होती ती. सुरुवातीला गोड बोलतात. "पोट्टे मधातून चालत होते" म्हणे. माझी पाटी काय आंधळ्यांसाठी आहे? जमादार म्हणाले, सोमवारी एकोणीसला तारीख आहे, तुमची साक्ष पक्की ठेवा.

९ डिसेंबर, शुक्रवार

आज जे पाहिलं ते लिहायला लाज वाटते.

शाळा सुटल्यावर पुष्पाबाई आणि सेवकराम गुरुजी दोघेच आमच्या घरासमोर उभे होते. मी दाराआड झालो. गुरुजींच्या हातात दोरी होती, कवायतीच्या रेघा आखायची. एक टोक बाईंनी धरलं, दुसरं टोक घेऊन ते रस्ता ओलांडून गेले. मग बाईंनी आमच्या घराकडे बोट दाखवलं. गुरुजी मान हलवून म्हणाले, "त्याले कोण सांगते पण?" बाई म्हणाल्या, "मीच सांगीन. जरा थांबा."

काय सांगणार? दोघांचं ठरलं आहे, हेच ना? आणि त्यासाठी माझ्याच दारासमोर उभं राहून दोऱ्या धरायच्या?

माय विचारत होती, "अंधारात काहून उभा हायेस?" मी म्हणालो, डोकं दुखते.

बाबूजींनीही त्यांना पाहिलं असावं. जेवताना म्हणाले, "ते मास्तरीण आपल्या घराकडं काहून पाहून राहते गा आजकाल? तुझ्या मनात काही असन तर आत्ताच काढून टाक. आपल्यातली नाही ते." मी ताटावरून उठलो. वॉर्डनचं ताट आठवलं म्हणून हे ताट फेकलं नाही.

१२ डिसेंबर, सोमवार

राहवलं नाही. मधल्या सुट्टीत सरळ पाचवीच्या वर्गात शिरलो. बाई एकट्याच होत्या. टेबलावर कागदांचा गठ्ठा. मी म्हणालो, "तुमच्यात आणि गुरुजींमध्ये जे असेल ते असो, पण माझी थट्टा करू नका."

त्या आधी गोंधळल्या, मग त्यांचा चेहरा लाल झाला. "कशाची थट्टा?"

"शुक्रवारी दोरी घेऊन माझ्या घरापुढे काय चाललं होतं?"

"रस्ता मोजत होतो आम्ही." त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "पोरांना चित्र काढायला लावलं होतं. घरून शाळेत कसे येता, ते. पाहून घ्या."

मी उभ्याउभ्याच पाहिले. टोली, चिंचेचं झाड, विहीर, गिरणी, मग रस्ता. पोरांनी आपली वाट ठिपक्यांनी काढली होती. ठिपके डाव्या कडेने नीट येत होते. मग माझी पाटी, काहींनी ती अक्षरांसह काढलेली. आणि पाटीपाशी एक लांबडा पिवळा चौकोन. तिथे सगळ्यांचे ठिपके रस्त्याच्या मधोमध. चौकोन संपला की पुन्हा कडेला. एकाच नाही, दहा-बारा कागदांवर तेच. एका पोराने त्यात लिहिलं होतं, इश्वरदादाचे धान.

"पासष्ट पावलं लांब," बाई म्हणाल्या. "डांबरावर निम्म्यापर्यंत. एक ट्रक जाईल एवढीच जागा उरते. पोट्टे धानावर पाय देत नाहीत. चुकून लागला तर वाकून हात लावतात, कपाळाला नेतात. घरी तेच शिकवलं, आम्हीबी तेच शिकवतो. शेवंतानं दवाखान्यात सांगितलं तेव्हा कळलं मला. तुम्हाला नाही कळलं?"

मी म्हणालो, तुम्हाला ठेकेदाराने विकत घेतलं आहे. हे मी म्हणालो. लिहून ठेवतो.

त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. फक्त बोली बदलली. "इश्वरभाऊ, त्या माणसाले दोन थापडा मारल्या तुमी, माह्यादेखत. मी फाटकावर होती. तुमचं तोंड माह्याकडं होतं. गाडी आली तवाबी. मले माहीत नाही का, तुमी रोज कुठं पाहता ते?"

मग म्हणाल्या, घंटा होते आहे, पोरं येतील.

१३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी लाल फडकं घेतलं नाही. चिंचेखाली उभा राहिलो आणि गाड्या न मोजता पोट्ट्यांचे पाय पाहिले.

नऊला दव सुकलं तसं मायने आणि बाबूजींनी धान पसरलं. गोटे मी काल संध्याकाळीच लावून ठेवले होते. दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली पोरं आली. पाटीपाशी आली की रांग उजवीकडे वळत होती, कोणी न सांगता, पाणी वळावं तशी. चौसष्ट पोरं. त्यात तीन वेळा गाडी आली. दोनदा पोरं पलीकडच्या कडेला धावली. एकदा दुसरीतला एक लहान पोरगा धान आणि ट्रक यांच्यामध्ये पोट आत ओढून उभा राहिला. त्याची टाच गोट्याला टेकली होती, तरी त्याने पाय आत टाकला नाही.

ट्रक गेल्यावर तो मला पाहून हसला. "दादा, आज झेंडा नाही?"

मी घरी येऊन पाटी उपटली. मायने विचारलं काय झालं. मी फळी उलटी करून भिंतीला टेकवली.

१४ डिसेंबर, बुधवार

बाबूजींशी बोललो. बोललो म्हणजे ओरडलो, मग ते ओरडले.

"धान उचला," मी म्हणालो. "अंगणात पसरू."

"अंगणात किती मावते? चार दिवस लागतात तेथं. डांबरावर दोन दिवसात खडखडीत. अख्खा गाव पसरवते. आपलंच काहून?"

"शाळेपुढे आपलंच आहे."

"आपल्या दारासमोर हाये, शाळेपुढं नाही. आन् पोट्ट्याईले पाय ठेवाले कोण नाही म्हणते? ठेवा म्हणा."

हे बोलून ते स्वतःच थांबले. त्यांनी कधी ठेवू दिला नसता. लहानपणी माझा पाय पडला तेव्हा कान धरून वाकवलं होतं मला.

मग मी साक्षीचं काढलं. म्हणालो, मी ट्रक पाहिलाच नव्हता, जमादारांना तसं सांगणार. बाबूजी आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे तो ड्रायव्हर सुटन, आन् मंग रस्त्यावर धान कोणाचं होतं ते विचारतीन. बापाले ठाण्यावर नेतोस काय?"

मला एक विचारावंसं वाटलं, आणि विचारलं. "तुम्हाला हे आधीच माहीत होतं का?"

ते म्हणाले, "पोरगी पाया पडली थे मी पाह्यलं होतं." आणि बाहेर निघून गेले.

पाहिलं होतं. तिथेच खराट्याने धान सारखं करत होते ते. सोळा दिवस गप्प होते. अर्जावर पहिली सही त्यांची. मी सगळ्या गावावर संशय घेतला, खाणीवर, पार्वताबाईवर, गुरुजींवर, बाईंवर. या एका माणसावर घेतला नाही. आणि मीही काय पाहिलं नव्हतं ते पहिल्या दिवसापासून या वहीत माझ्याच अक्षरात आहे.

१५ डिसेंबर, गुरुवार

धान आजही पसरलं. मी सकाळी उठून अर्धं अंगणात ओढलं, बाबूजींनी परत रस्त्यावर नेलं. शेजारचे वासुदेवराव हसत म्हणाले, "बाप-लेक काय खेळून राहिले जी?" शेवटी मीच धानापाशी उभा राहिलो आणि प्रत्येक पोराला म्हणालो, वरून चाल, मी सांगतो, चाल. एकानेही ऐकलं नाही. दोन पोरींनी मलाच दटावलं, "पाप लागते दादा." सुमी, शेवंताची मैत्रीण, तर रडायला लागली.

धानाला पाय लावायचा नाही, हे त्यांचं खरं आहे. ते मोडता येत नाही आणि मोडूही नये. उचलायचं ते धान.

एक प्रश्न राहतो. जमादार विचारतील, ट्रककडे पाहत नव्हतास तर कुठे पाहत होतास? बाईंचं नाव आलं तर इथे त्यांना नोकरी करणं मुश्कील होईल. भाऊ म्हणतात तेवढंही उरणार नाही. सांगेन, शाळेकडे पाहत होतो. कॉलेज सोडलेला रिकामा पोरगा, शाळेकडे पाहत बसतो. हसतील. हसू देत.

१६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळचे पावणेनऊ.

रात्री बाबूजी जेवले नाहीत. आत्ता माय चुलीपाशी आहे, ते खाटेवर बसून पायात वहाणा घालत आहेत. दव सुकायची वाट पाहत आहेत. मी सदरा घातला तसं म्हणाले, "कुठं?"

"ठाण्यावर. साक्ष बदलतो. धान कोणाचं तेही सांगतो. मग बांधकाम खात्यात, की शाळेच्या वेळेत रस्त्यावर धान नको, आपलंही नको, कोणाचंच नको."

"गेला तर या घरात येऊ नको."

माय म्हणाली, "अजी, असं काहून बोलता?" त्यांनी ऐकलं नाही. मलाही दोन-चार शब्द आले होते तोंडावर, चांगले जोरदार. बोललो नाही. असं माझं पहिल्यांदाच झालं.

ते आता पोत्याचं तोंड सोडत आहेत. पोरं यायला सव्वा तास आहे. ठाण्यापर्यंत चालत वीस मिनिटं. जमादारांना घेऊन पोरांच्या आधी इथे परत यायचं, म्हणजे त्यांनी पोरांचे पाय स्वतः पाहावे.

वही इथेच ठेवतो. ज्याला वाचायची त्याने वाचावी. बाबूजी माझ्याकडे पाहत नाहीत. मी आता उठणार, बाहेर पडणार, आणि दार मागून ओढून घेणार.